पिठाच्या डब्यातला दिवा

नावेत मी होतो आणि काठावर ती. दिवस बुडाला होता, पण पाणी अजून काळं पडलं नव्हतं. मी वल्हवत पार मधल्या पाण्यापर्यंत गेलो, दगडाचा नांगर सोडला, बांबूच्या शेंड्याला दिवा बांधला आणि काठाकडं तोंड करून बसलो. हौसा चिंचेखाली उभी होती. एका हातात पितळी ताट, दुसऱ्या हातात उलथनं. आमचं ठरलेलं होतं. दिवा दिसला तर ताट एकदा वाजवायचं, दिसला नाही तर दोनदा.

अंधार पडला, दिवा लागला. ताट काही वाजेना. मी मनात म्हटलं, गेला, हाही गेला. आता परत दौंड, परत तो मिस्त्री, परत तीच कटकट. मग एक ठोका आला. मी दुसऱ्याची वाट बघत तसाच बसलो. दुसरा आला नाही.

नाव काठाला लावली तर ही म्हणते, "एवढा उशीर? नांगर अडकला व्हता काय?"

"तूच एवढा येळ लावला वाजवायला."

"खात्री नको व्हय? चांदणी बी असंल. म्हणून डोकं हिकडं-तिकडं करून बघितलं. चांदणी हालती, दिवा हालत न्हाई."

"चांदणी कुठं हालती?"

"माझ्या डोळ्याला हालती," ती म्हणाली आणि ताट काखेत मारून चालायला लागली.

हौसाचं आणि माझं मिळून केलेलं हे शेवटचं काम. हौसा म्हणजे माझी बायको.

दहाव्याला भाषणं झाली. आता दहाव्याला भाषणं करतातच. एकजण म्हणाला, हौसाबाई म्हणजे फार धीराची बाई. दुसरा म्हणाला, नदीसारखी शांत. मी मुंडकं खाली घालून ऐकत होतो, पण मला राग आला. धीराची? ती बाई भित्री होती. आख्ख्या गावात तिच्याएवढं भ्यायला कुणाला जमलं नसतं. गॅसचं बटण बंद आहे का, शेळीच्या गळ्याचं दावं आवळलं तर नाही ना, नातीनं चिंचोका गिळला तर पोटात काय होईल, कुरकुंभकडून केमिकलचा वास आला की आज कंपनीत काही फुटलं तर नाही. मला चौथीच्या पुढं शाळा नाही, मला गोड बोलता येत नाही, म्हणून जशी होती तशी सांगतो. नदीसारखी शांत म्हणे. नदीला तर ती सगळ्यात जास्त भ्यायची.

तिचं माहेर न्हावऱ्याचं. तिकडं ऊस, कांदा, विहिरी. नदी म्हणजे यष्टीच्या खिडकीतून बघायची गोष्ट. लग्न होऊन ती दौंडच्या खालच्या अंगाला आमच्या गावी आली, तेव्हा धरणाचं फुगवट्याचं पाणी आमच्या परड्यापर्यंत आलेलं. तिनं दारातून ते बघितलं आणि सासूला विचारलं, "हे रातीचं आत येतं का?" आई मरेपर्यंत हे सांगून हसायची.

एवढी वर्षं संसार केला पण ती नावेत कधी बसली नाही. मासे साफ केले, भिगवणच्या बाजाराला नेले, जाळी विणली, फाटलेली शिवली. नावेत पाय ठेव म्हटलं की म्हणायची, "तुम्ही बुडला तर काठावर बोंबलायला कुणी पायजे का नको?"

ते ताट त्या काळापासूनचं. मला यायला उशीर झाला की ही चिंचेखाली येऊन ताट बडवायची. आमच्या पाण्यावर बाकीच्यांचीही जाळी. सुरुवातीला सगळे हसायचे. मग त्यांना सवय झाली. हौसाचं ताट वाजलं की ते आपापली जाळी आवरायचे, कारण ते वाजलं म्हणजे जेवायची वेळ झाली. एकदा ताप येऊन ती पडून राहिली, ताट वाजलं नाही, तर तिघेजण तसेच उपाशी अंधारात बसून राहिले आणि घरी शिव्या खाल्ल्या.

कुलुपाची गोष्ट सांगितली पाहिजे. कुठंही जायचं तर कुलूप लावून ती ओढून बघणार. एकदा नाही, तीन-चारदा. शिरूरला तिच्या भाचीचं लग्न होतं. आम्ही निघालो, हिनं कुलूप ओढलं, अर्ध्या वाटेवरून परत येऊन ओढलं, यष्टी दिसायला लागली तरी पळत जाऊन परत ओढलं. तिसऱ्या वेळी कडीच निघाली. दार सताड उघडं आणि कुलपासकट कडी हिच्या हातात. यष्टीवाला हॉर्न मारतोय. मी म्हटलं, चल आता. तर ती म्हणाली, "चला. आता काळजी मिटली." दार उघडं टाकून आम्ही लग्नाला गेलो. लग्नात कडी तिच्या पिशवीत, आणि भाचीच्या डोक्यावर अक्षता टाकताना एवढी खुशीत मी तिला कधी बघितली नाही. व्हायचं ते होऊन गेलं की हिची काळजी संपायची. होण्याच्या आधीची काळजी तिला सोसायची नाही.

आता दिव्याचं.

मी रात्री नावेतच झोपायचो. जाळं टाकायचं आणि शेजारी नांगर टाकून पडायचं, कारण जाळ्याला नजर लावणारे खूप. पूर्वी पाण्यावर आम्हीच होतो. मग वाळूच्या बोटी आल्या. मोठं इंजिन, लोखंडाचं धूड, आणि पुढं-मागं एक दिवा नाही. दिवा लावला तर तहसीलवाले येतील म्हणून अंधारातच पळवायच्या. गेल्या साली पलीकडच्या काठाच्या एका माणसाच्या नावेवर अशी बोट चढली. नाव दुभंगली, माणूस वाचला, पाय मोडला. त्याच्या नावेत दिवा नव्हता. माझ्याही नव्हता.

हौसा त्याला बघायला जाऊन आली. घरी येऊन तिनं चहा पण घेतला नाही. "दिवा आणा. दिवा पास व्हईस्तोवर नाव रातीची पाण्यात जायची न्हाई."

"पास म्हंजी? त्याची परीक्षा घेणार हाईस का?"

"व्हय."

आणि घेतली की.

पहिला दिवा दत्तानं धाडला. दत्ता आमचा मुलगा, कारेगावला राहतो, कंपनीत असतो. आईनं फोन केला आणि यानं मोबाईलवरून भलाथोरला दिवा मागवला. पेटवला तर चिंचेवरचे बगळे उठले. मी म्हटलं, झालं काम. ती म्हणाली, "पेटला, पण टिकंल का?" वाळूच्या बोटी मध्यरात्रीनंतर निघतात, पहाटेपर्यंत चालतात. दिवा तेव्हा जिवंत पाहिजे. त्यासाठी रात्रभर जागं राहायची तिची तयारी होती, पण मी ओरडलो म्हणून तिनं दुसरी युक्ती काढली. फवारणीच्या पंपाची बॅटरी, तिला दिवा जोडला, उजेडानं कुणाची झोप मोडू नये म्हणून दोन्ही प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाजरीच्या पिठाच्या मोठ्या डब्यात ठेवलं आणि वर झाकण. सकाळी भाकरीला पीठ काढायला डबा उंबऱ्याशी न्यायची, तेव्हा झाकण काढून बघायचं. जळत असला तर पास.

सकाळी दिवा मेलेला. पीठ तेवढं कोमट लागलं.

दत्ता फोनवर म्हणाला, "आई, मोठी बॅटरी घ्या मग." ती म्हणाली, "आन् ती नावेत ठेवून तुझ्या बापानं बसायचं कुठं?" परवडायचा प्रश्न तर होताच. पण मोठ्या बॅटरीनं नाव एका अंगाला कलते, हे तिनं काठावरून दुसऱ्याच्या नावेत बघितलेलं होतं.

दुसरा मी आणला, हातातला टॉर्च. तो रात्रभर टिकला. पण नाव वाऱ्यानं फिरते, आणि टॉर्चचं तोंड ज्या बाजूला तिकडंच उजेड. काठावर एकदा वाजलं, मग दोनदा, मग एकदा, मग दोनदा. मी परत आलो तर ती रडायच्या बेताला आलेली. "दिसतोय, जातोय, दिसतोय, जातोय. बोट काय तुमच्या तोंडाकडनंच येईल व्हय? पाठीकडनं आली तर?"

तिसऱ्या वेळी ती स्वतः दौंडच्या बाजारात गेली आणि गणपतीपुढं लावतात तसली लाल-हिरवी लुकलुकणारी माळ घेऊन आली. झगमगाट चारी बाजूंनी दिसतो आणि बॅटरी कमी खातो, असं दुकानदारानं सांगितलेलं. काठावर मोठ्यानं एकच ठोका वाजला. पिठाच्या डब्यातही ती पास झाली. मी खुशीत नाव पाण्यात घातली, माळ लावली, निवांत झोपलो. त्या रात्री एकही वाळूची बोट फिरकली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पप्या दारात हजर. पप्या वाळूच्या बोटीवरचा. गाडी लावली नाही तोच ओरडायला लागला. "आबा, लाल दिवा लावून बसलाय काय? आम्हाला वाटलं सायबाची बोट आली. आख्खी रात गेली आमची. पोरं बोटी टाकून उसात पळाली."

मी काठी शोधत होतो. हौसा बाहेर आली. म्हणाली, "पप्या, चहा घे."

पप्या गोंधळला. त्याला भांडायचं होतं. तिनं त्याला ओट्यावर बसवलं, चहा दिला, वर दोन बिस्किटं दिली. मग समोर बसून विचारलं, "मला सांग, तुला कसला दिवा दिसला तर तू बोट वळवशील?"

"आँ?"

"अंधारात बोट चालवितोस तू. माझा माणूस मधी झोपलेला. तुला लांबनं काय दिसलं म्हंजी कळंल की हितं नाव हाय, आन् माणूस हाय?"

पप्यानं चहा खाली ठेवला. मला वाटलं उठून जाईल. तो बोटांवर मोजत सांगायला लागला. "पांढरा पायजे, मावशी. रंगीत नको, आम्हाला सायबाचा वाटतो. लुकलुक नको, ती काठावरच्या टॉवरची वाटती. एका जागेवर स्थिर पायजे, उंच पायजे, आन् चारी अंगानं सारखा. लई मोठा नको, डोळ्यापुढं अंधारी येती मग पुढचं दिसत न्हाई."

"एवढं सगळं तुला कळतं, मग तुझ्या बोटीला एक लाव की."

"मग तुमच्याकडं चहाला कोण यील? आत जाईन मी," पप्या म्हणाला आणि तिच्यासकट हसायला लागला. जाताना म्हणाला, "आबा, वाईट वाटून घेऊ नका, पण मावशी जाम डोकं खाती."

"मला काय सांगतोस?" मी म्हटलं.

आता मिस्त्री. दौंड स्टेशनच्या बाजूला त्याचं बॅटऱ्यांचं दुकान. हौसानं पप्यानं सांगितलेलं सगळं त्याला तोंडपाठ म्हणून दाखवलं. मिस्त्रीनं आतून एक दिवा काढला. लिंबाएवढा. वर दुधी रंगाची टोपी. "चाची, एक वॅटचा आहे. तुमच्या पंपाच्या बॅटरीवर आठवडाभराच्या रात्री निघतील."

"एवढासा?"

"एवढासाच पाहिजे. खातो कमी."

हौसानं तो हातात फिरवून फिरवून बघितला. तिला तो आवडला नाही, मला कळलं. पण पप्यानं सांगितलेलं सगळं त्यात होतं, म्हणून घेतला. रात्री डब्यात ठेवला. सकाळी उंबऱ्यात झाकण काढलं, उजेडात डोळे चोळून तिनं आत बघितलं तर दिवा बंद.

"मेला," ती म्हणाली. "मिस्त्रीनं फसवलं." तिनं तसाच डबा उचलला. डबाच, पिठासकट. दौंडच्या यष्टीत आम्ही दोघं, मधी पिठाचा डबा. कंडक्टरनं विचारलं, "आज्जी, गिरणीला का?" ही म्हणाली, "पोलिसात."

दुकानाच्या पायरीवरच तिनं झाकण काढलं आणि आत जाऊन डबा मिस्त्रीसमोर आदळला. "बघ. एक रात काढली न्हाई."

मिस्त्रीनं दिव्यावर नुसता तळहात धरला. दिवा लागला. हात काढला. थोड्या वेळानं विझला. मिस्त्री हसून हसून स्टुलावर बसला. "चाची, ह्याला डोळा आहे. उजेड दिसला की झोपतो. अंधार पडला की उठतो. तुम्ही झाकण काढलं, त्याला वाटलं सकाळ झाली."

मी पण हसलो. हौसा हसली नाही. ती दिव्याकडं बघत होती. "माझ्या उलटा हाय. मला अंधार पडला की दिसत न्हाई, ह्याला अंधारात दिसतं." मग लगेच तिच्या कपाळावर आठी. "पण मग बोटवाल्यानं बॅटरी मारली ह्याच्यावर तर? ह्याला वाटंल दिवस उगवला. ऐन टायमाला झोपंल."

मिस्त्रीचं हसू थांबलं. हे त्याच्याही डोक्यात आलं नव्हतं. त्यानं टॉर्च आणून दिव्यावर मारला. दिवा तसाच. मारत राहिला, तेव्हा कुठं विझला. "चाची, लगेच नाही झोपत. तोवर बोटवाल्याला दिसला की."

"आन् न्हाई दिसला तर?"

त्या 'तर'वर मिस्त्रीनं डब्याचं झाकण लावून दिलं. तिच्या सगळ्या 'तर'चं तसंच होतं. आम्ही डबा घेऊन परत आलो.

त्यानंतर ती डबा उघडताना डोक्यावरून पदर पुढं ओढायची, वाफ घेतात तसं डब्यावर वाकायची आणि पदराच्या आत झाकण उचलायची. आतून आवाज यायचा, "हाय. जळतोय." मग पीठ लागलेलं नाक घेऊन बाहेर यायची. शेजारणी म्हणायच्या, हौसा, पिठाला पडसं झालं का?

डोळ्यांचं राहिलं. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दत्ता दोन वर्षं मागं लागला होता, शिबिरात नाव घालतो म्हणून. दिव्याचं डोक्यात आल्यापासून तिनं सगळ्यांना एकच सांगितलं, "आधी दिवा, मग डोळा. माझ्या असल्या डोळ्याला दिसला म्हंजी कुठल्या बी बोटवाल्याला दिसंल. डोळा नीट झाल्यावर पारख कशानं करू?" दत्तानं मला म्हटलं, आबा तुम्ही समजवा. मी म्हटलं, तूच समजव, मला जेवायचंय अजून.

म्हणून त्या संध्याकाळी तो ठोका एकच वाजला, ती मोठी गोष्ट होती. घरी येऊन तिनं पिठलं टाकलं. जेवताना म्हणाली, "आज परत डब्यात ठिवते."

"डब्यात पास झालाय की."

"बांबूवर गार वारं लागलं त्याला. काय सांगावं. एक रात ठिवते. सकाळी जळत असला तर उद्यापासनं जावा तुम्ही. आन् दत्ताला सांगा, शिबिरात नाव घाल म्हणावं."

दिवा पिशवीत घातला, बॅटरी जोडली, झाकण दाबून बसवलं. वरून एकदा हात फिरवला. मग गॅसचं बटण बघितलं, दाराची कडी ओढली, आणि झोपली.

सकाळी ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेत हार्ट बंद पडलं. मी शेजारीच होतो. मला कळलं नाही. एवढी जगाची काळजी वाहिली, त्यात स्वतःच्या छातीची एक दिवस केली नाही.

दत्ता आला, सूनबाई रेखा आली, न्हावऱ्याची माणसं आली. नदीकाठीच सगळं उरकलं. संध्याकाळी भावकीतली काकू म्हणाली, तिनं जिथं जीव सोडला तिथं पीठ पसरून दिवा ठेवायचा, वर वेताची पाटी झाकायची. आमच्याकडं तसं करतात. सकाळी पाटी उचलून बघायचं, पिठावर कसलं पाऊल उमटलं, त्यावरून पुढचा जन्म कळतो. रेखा पीठ काढायला डब्याकडं गेली आणि मी ओरडलो.

"त्या डब्याला हात लावायचा न्हाई."

 रेखा भेदरून माझ्याकडं बघायला लागली. दत्ता म्हणाला, "आबा, पीठच काढतीय ती."

"पीठ काकूच्या घरनं आणा."

काकूनं दत्ताला डोळ्यानं खुणावलं, राहू दे, डोकं ठिकाणावर नाही त्यांचं. पीठ त्यांच्या घरून आलं. पसरलं, तेलाचा दिवा ठेवला, पाटी झाकली. मी डब्याशेजारी भिंतीला टेकून बसलो. डबा उघडायची मला छाती होत नव्हती. आत विझलेला असला तर? त्या संध्याकाळी गार वारं लागलंच होतं. बॅटरीही जुनी. आणि आता एक रात्र नव्हे, मधला आख्खा दिवस गेलेला, वर दुसरी रात्र. ती असती तर तिनं सकाळीच बघितलं असतं. तिचे सगळे 'तर' आता माझ्याकडं आले होते, आणि मला त्यांची सवय नव्हती.

सकाळ झाली. बायका गोळा झाल्या, पाटी उचलली. एक म्हणाली पाखराचं पाऊल हाय, दुसरी म्हणाली गाईचं. काकू म्हणाली, "आबा, बघायला या." मी गेलो नाही.

मी खुंटीवरचा टॉवेल घेतला, डोक्यावरून पुढं ओढला, डब्यावर वाकलो आणि टॉवेलच्या आत झाकण उचललं.

जळत होता. लिंबाएवढा, पांढरा, न हलता. खाली पीठ दिसत होतं, आणि पिठात तिची चार बोटं उमटलेली.

मी झाकण परत दाबून बसवलं. भिंतीवरचं पितळी ताट काढलं, उलथनं घेतलं आणि बाहेर पडलो. दत्ता मागून हाका मारत होता. चिंचेखाली येऊन उभा राहिलो. मधल्या पाण्यावर दोन नावा जाळं काढत होत्या.

मी ताट एकदा वाजवलं.